थांबण्याची सवय

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वडपे येथील एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझर धम्मदिना सहाव्या डॉकजवळ जमिनीवर बसली. ती पडली नाही, बसली. पण नंतर ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांनी ‘मॅडम पडल्या’ असंच सांगितलं. त्याआधी एवढंच घडलं होतं, की कन्व्हेयर बेल्ट मध्येच बंद पडला. तो रोजच पडतो, कोणीतरी पोरगा जाऊन बटण दाबतो, पुन्हा सुरू होतो. मधल्या जेमतेम अर्ध्या मिनिटात पत्र्याच्या त्या प्रचंड शेडमध्ये शांतता असते, आणि त्या शांततेत धम्मदिनाला स्वतःची छाती ऐकू आली. एक ठोका चुकला. मग पुढचे घाईघाईने पडले. हातातला स्कॅनर तिने नीट खोक्यावर ठेवला, हे तिला आठवतं. तोंड कोरडं पडलं, बोटांना मुंग्या आल्या, समोरच्या कंटेनरचा पिवळा रंग नको इतका पिवळा झाला, आणि एखादी सूचना वाचून दाखवावी तसं एक वाक्य डोक्यात स्पष्ट उमटलं: आता तू मरणार आहेस, आणि लेकीची, दिशाची, शाळा साडेबाराला सुटते.

तिच्याच हुद्द्यावरचा विशाल पाणी घेऊन धावत आला. “मॅडम, नाश्ता केला होता ना? काय होतंय?” तिला सांगायचं होतं की काहीच होत नाहीये, फक्त मी मरतेय, पण श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात ईसीजी निघाला. तिथल्या डॉक्टरने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, “मस्त आहे. गॅस असेल. वडे-भजी कमी करा.” तिने वर्षभरात वडा खाल्ला नव्हता. तिचा नवरा सुगत एसटीत कंडक्टर. त्याला गाडी वाटेत सोडता येईना, तो फेरी संपवून आला तेव्हा त्याच्या गळ्यात तिकिटाचं मशीन तसंच लटकत होतं. तो म्हणाला, “नॉर्मल आहे म्हणतात. आता तरी हस.” ती हसली. नॉर्मल हा शब्द ऐकून आपल्याला हायसं का वाटत नाही, हे तिला त्याला सांगता आलं नाही. आवाज बदलला होता, तिने स्वतः ऐकला होता. आवाज बदलला म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. डॉक्टरला तो सापडला नाही, एवढाच याचा अर्थ.

हे ऐकणं तिला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ती नारपोलीत वाढली. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याच्या पाठीला पाठ लावून त्यांची खोली होती आणि भिंत सतत थरथरायची. भांड्यांची फळी, पाण्याचा हंडा, अभ्यासाची वही, सगळं बारीक हलत असायचं. त्या आवाजात झोप लागायची. जाग यायची ती आवाज थांबला तर. मध्येच लूम बंद पडले की गल्लीतली माणसं दारात यायची, एकमेकांकडे बघायची: लाइट गेली, की कोणाचा हात गेला? बहुतेक वेळा लाइटच गेलेली असायची. पण ते कळेपर्यंत दारातून कोणी हलत नसे. तिचे वडील पंढरीनाथ त्याच कारखान्यात जॉबर होते; जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा, बिघडायच्या आत ओळखणारा. शाळा सुटली की ती त्यांचा डबा घेऊन जायची. आत बोलणं ऐकू येत नसे, सगळा कारभार हाताच्या खुणांनी चाले. धागा तुटला याची खूण होती, चहाची होती, मालक आला याची होती, तंबाखूची तर दोन होत्या. लूमच्या रांगेतून चालता चालता वडील एकदम थांबत, मान किंचित तिरकी करत, आणि चाळीस-पन्नास लूमच्या गदारोळातून नेमक्या एकाकडे जाऊन खटका ओढत. लूम थांबे. मग ते शोधत. बाहेर आल्यावर तिला म्हणत, “आवाज बदालला का बंद करायचा. चालू ठेवून बघीत राह्यलास तं शटल उडून कोनाचा डोला जाईल.” शटल म्हणजे आडवा धागा घेऊन लूममध्ये वेगाने ये-जा करणारा टोकदार धोटा. तिला वडिलांचं हे ऐकणं फार आवडायचं. आपल्या बापाला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं, याचा तिला अभिमान होता.

तर त्या अकरा-दहानंतर तिने तेच केलं. जिथे छातीचा आवाज बदलला तिथे खटका ओढला. गोदामात वरच्या मजल्यावर, मेझनाईनवर जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर धाप लागली, तर जिना बंद. चहानंतर धडधडलं, तर चहा बंद. हायवेच्या उड्डाणपुलावर स्कूटर चालवताना मधोमध हात गार पडले, म्हणून स्कूटर बंद. मग वाट वाकडी करून दोन रिक्षा बदलत कामावर जायचं. रामनाथ सरांनी, म्हणजे गोदामाच्या मॅनेजरने, काळजीनेच तिला गेटवर बसवलं: येणाऱ्या गाड्यांची नोंद करा, सावलीत बसा, पंखा आहे. तिलाही बरं वाटलं. मग पंखा बंद झाला की छाती ऐकू येऊ लागली. वरच्या मजल्याचा फ्लोअर इनचार्ज येत्या काही महिन्यांत नेमायचा होता, आणि बेल्ट बंद पडेपर्यंत ती जागा तिचीच आहे हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनेही. वडप्याच्या त्या पट्ट्यात बाई फ्लोअर इनचार्ज तिने पाहिलेली नव्हती. आता पोरं विशालला ‘वरचे साहेब’ म्हणू लागली, आणि तो नको नको म्हणत हसायचा. गेटवरच्या खुर्चीतून तिला मेझनाईनची फक्त रेलिंग दिसायची. ती तिकडे बघायची आणि लगेच नाडीवर बोट ठेवायची. दिवसातून कितीदा, ते तिलाही सांगता आलं नसतं; मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी लाल झाली होती एवढं खरं.

तिची आई कौसल्या म्हणाली, रविवारी विहारात चल, ध्यानाला बस, श्वासावर लक्ष ठेव, मन निवांत होईल. आईचं होतं. धम्मदिना डोळे मिटून बसली आणि लक्ष ठेवता ठेवता श्वास कमी पडू लागला, छाती विहारभर वाजतेय असं वाटलं, शेजारच्या बायकांनाही ऐकू जात असेल असं वाटलं, आणि वंदना संपायच्या आत ती उठून बाहेर चपला शोधत होती. त्यानंतर विहारही बंद. घरी सांगायला तिने कारणांचा साठा केला: पित्त झालं, पाळी आहे, ड्युटी लागली. सगळी कारणं चांगली होती. एका दुपारी दिशा शाळेतून आली आणि म्हणाली, “गॅदरिंगला तू पहिल्या ओळीत नको बसूस, दाराजवळ बस. तुला मधेच बाहेर जायचं असतं ना.” पोरीने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आई कुठे बसणार याची तिने आधीच सोय केली होती. धम्मदिनाने तिच्या केसांतून फणी फिरवली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डॉक्टरकडे गेली, यावेळी दुसऱ्या.

या डॉक्टरबाईंनी आधीचे सगळे रिपोर्ट पाहिले, थायरॉइड आणि रक्त तपासून घेतलं, मग म्हणाल्या, “तुमचं हृदय चांगलं आहे. आणि तुम्हाला भीती वाटते तीही खरी आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.” धम्मदिनाने रिपोर्ट पिशवीत घालायला घेतले. तिला वाटलं आता पुन्हा गॅस येणार. पण बाईंनी एक साधा प्रश्न विचारला: “या त्रासामुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत?” तिला वाटलं, एकदोन गोष्टी सांगू. ती सांगू लागली. जिना, पूल, चहा, विहार, माहेरच्या हळदीला नाचणं, लिफ्ट, भावजयीचं बाळ उचलणं, कारण उचलल्यावर ठोके वाढतात. सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला. एक बाई एक एक खोली बंद करत घराच्या शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसली आहे आणि म्हणतेय, इथे सुरक्षित आहे. डॉक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं. ती थांबल्यावर म्हणाल्या, “भीती सगळ्यांना वाटते. पण ती तुमचा दिवस ठरवायला लागली, की मदत घ्यायची वेळ झालेली असते. वेड लागायची वाट बघायची नसते.” त्यांनी कल्याण नाक्यावरच्या सुकन्या मॅडमचं नाव दिलं. मानसोपचार करतात, म्हणाल्या. गरज पडली तर गोळ्यांचंही बघू, आधी तिकडे जा.

सुकन्या मॅडमची खोली कापडाच्या दुकानावर, जिना चढून. जिना पाहूनच ती परत फिरणार होती. आत गेल्यावर तिला वाटलं होतं की बालपणाबद्दल विचारतील, रडावं लागेल. ओढणीत रुमालही होता. मॅडम तिच्याहून लहान निघाल्या, चष्मा नाकावर घसरलेला, टेबलावर अर्धं संत्रं. त्यांनी दोनतीन भेटींत सगळं नीट ऐकून घेतलं, आणि धोका नसताना शरीर धोक्याची घंटा कशी वाजवतं, ती वाजली की आपण ठोके ऐकत बसतो, ऐकल्याने भीती वाढते आणि भीतीने ठोके, हे समजावलं. मग एका दिवशी म्हणाल्या, “चला, जिना. चारदा वरखाली. पळत.”

“मॅडम, मला ठोके कमी करायचेत.”

“माहितेय. आज वाढवायचेत.”

ती पळाली. तिसऱ्या वेळी छाती गळ्यात आली आणि तिने कठडा धरून खाली बसायला सुरुवात केली. वरून आवाज आला, “बसू नका. उभं राहा आणि बघा, छाती काय करते.” धम्मदिना ओरडली, “मरेन ना मी!” खालच्या दुकानातला माणूस मान वर करून बघू लागला. “बघू,” सुकन्या मॅडम म्हणाल्या. त्या शांतपणाचा तिला भयंकर राग आला, आणि त्या रागात ती उभी राहिली. ठोके वाढले. अजून वाढले. मग कोणीही काही न करता, खटका न ओढता, ते आपोआप उतरू लागले. तिने हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी ती त्याआधीच निघून गेलेली असायची. घाम पुसत तिने मॅडमना वडिलांचं सांगितलं, आवाज बदलला की बंद करायचं ते. मॅडमनी खूप वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, “मला लूममधलं काही कळत नाही. पण वडिलांना एकदा विचारा, नेहमीच बंद करायचं का? आणि त्यांना का विचारताय, तेही सांगा.”

इथे अडचण होती. पंढरीनाथांचे कान लूमने नेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. लग्नानंतर सुगतला कितीतरी महिने वाटायचं की सासरचे सतत भांडतात. खुणा होत्या, पण त्या धाग्याच्या, चहाच्या, तंबाखूच्या. भीतीची खूण कारखान्यात नव्हती. आणि ती गेली तो दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात, नारपोलीची गल्ली इतकी शांत होते की चौथ्या घरातला कुकर ऐकू येतो. शनिवारपर्यंत थांबली असती तर लूमच्या आवाजात कोणालाही काही कळलं नसतं. धम्मदिना माहेरच्या दारात उभी राहिली आणि हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला दिसलं, की शनिवारपर्यंत थांबणं हेही खटका ओढणंच आहे. पंढरीनाथ ओट्यावर लाकडी खुर्चीत बसले होते.

“आबा! मला त्रास होतोय!”

“काय रास?”

“त्रास! छातीत धडधडतं! भीती वाटते, मरणाची! काहीच नसताना!”

समोरच्या घरात पेपर वाचणारे पेपरमागे स्थिर झाले. आई भाजी चिरता चिरता दारात आली आणि “हळू गं, हळू” असं हाताने करू लागली. मग तिलाच कळलं की हळू बोलून उपयोग नाही. तिने हात खाली घेतला.

“डागतर काय बोलतो?” पंढरीनाथ म्हणाले.

“हार्ट चांगलं आहे! मनाचा त्रास आहे! मी त्याच्या मॅडमकडे जाते, कल्याण नाक्याला! दर आठवड्याला!”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मान किंचित तिरकी करून. ती मान तिने ओळखली. आता लूमचं विचारायचं होतं. “तुम्ही सांगायचात ना, आवाज बदलला की बंद करायचं! मी तेच करते! सगळं बंद केलं मी!”

“सगला बंद?” ते हसले, दात नसलेलं, खरोखर गंमत वाटल्याचं. “अग येडे, ते शटलचा आवाज बदालला तं. दर आवाजाला थोडंच? नवीन जॉबर पोरं असतात ना, भ्यालेली. जरा खट झाला, बंद. जरा खट झाला, बंद. आनी पुन्ना चालू करतात ना, तवा कापडाव पट्टी परते. दर येलेला येक पट्टी. आख्खा ताका पट्ट्यांचा, मालक घेत न्हाय. शटल सोरून बाकीचा आवाज चालूच ठेवून ऐकाचा. चालता चालता आपसूक लागतो तो.” थोडं थांबून ते म्हणाले, “तुला येवरा पुरा सांगितला न्हाय मी. तू डबा घेऊन यायचीस. तुला शटल लागू नये म्हनून तेवराच सांगितला.”

ती ओट्यावर बसली, त्यांच्या पायाशी. इतकी वर्षं तिच्याकडे अर्धाच नियम होता, आणि तो एका लहान पोरीचा डोळा वाचवण्यापुरता होता. सुकन्या मॅडमना हे माहीत असणं शक्य नव्हतं, आणि मॅडमना भीतीबद्दल जे माहीत होतं ते वडिलांना माहीत नव्हतं. दोघांचं मिळून तिला आता अर्ध्या गल्लीसमोर कळलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक लागली.

शेजारच्या गुणाबाई तांदळाचं ताट घेऊन कुंपणापाशी आल्या. “काय गं दिना, डोक्याच्या डॉक्टरकडं जातेस व्हय? एवढी सुपरवायझरीण तू!”

“हो आत्या. डोक्याच्याच. तुम्हाला ऐकू गेलं ना नीट? नाहीतर परत ओरडते.”

पेपरवाले खोकले. कौसल्या तोंडावर पदर धरून हसली. गुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटातला एक खडा काढला, बाजूला टाकला, मग आणखी जवळ येऊन, सगळी गल्ली ऐकत असताना शक्य तितक्या हळू विचारलं, “तिथं पुरुषांना घेतात काय? आमचा धनेश… टेम्पो उभाच हाय दारात. बाहेर निघत न्हाय तो. आम्ही सांगतो कंबर धरली.” धम्मदिनाने त्यांना जिना सांगितला, कापडाचं दुकान सांगितलं, वार सांगितला. त्या आठवड्यात धनेश दुकानापर्यंत गेला आणि खालूनच परत आला. पुढच्या आठवड्यात वर गेला.

सोमवारी तिने रामनाथ सरांना सांगितलं. इथे ओरडावं लागलं नाही, म्हणून जास्त अवघड गेलं. “सर, मी पडले नव्हते, बसले होते. पॅनिक अटॅक होता. उपचार चालू आहेत. मला वरचा मजला हवाय.” सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. “पुन्हा झालं तर?”

“होईल, सर. कामात होईल. काम थांबणार नाही.”

“वर सेलचा लोड आहे, मॅडम. पोरांचा जीव असतो खाली.”

“म्हणूनच ट्रायल घ्या. आठवडाभर. विशाल बरोबर असू दे.”

विशालला तिने स्वतः जाऊन सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. “मॅडम, खरं सांगू? मला वर नकोच होतं. पण तुम्ही नाही म्हटल्यावर नाही कसं म्हणू?” मग म्हणाला, “पण तुम्ही नापास झालात तर मी साहेब होणार हां. आत्ताच सांगून ठेवतो.”

सरांनी पुढच्या सोमवारपासून आठवडाभर तिला वर घेतलं, आणि तो सोमवार बरा गेला. मंगळवारी तिने पुलावरून स्कूटर आणली. मधोमध हात गार पडले आणि ती गार हातांनीच पलीकडे उतरली, मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्न देऊन देऊन तिचं स्वागत केलं. हे ती सुगतला सांगत होती तेव्हा त्याने तिकिटाच्या मशीनमधून एक कोरा कागद फाडून तिच्या हातात दिला, “पूल ते वडपे, फुल.” बुधवारी काहीच झालं नाही, आणि काहीच होत नाही याने ती जरा बिचकली, तेव्हा नाडीकडे गेलेला हात तिने परत आणून रेलिंगवर ठेवला.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, वरच्या मजल्यावर, लोड सर्वात जास्त असताना अटॅक आला. काही बंद पडलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं; कारणाशिवाय आला. तोंड कोरडं, बोटांना मुंग्या, ट्यूबलाइटचा उजेड नको इतका पांढरा. तेच वाक्य, तीच वाचून दाखवल्यासारखी चाल. धम्मदिनाने ते शेवटपर्यंत ऐकलं. तिला जिन्याची वाट दिसत होती आणि ती मोकळी होती. ती जिन्याकडे गेली नाही. तिने पुढची लाइन सोडायला सांगितलं, आणि तिचा आवाज कापला. खाली डॉकवर खोकी लावणाऱ्या पोरांनी तो कापरेपणा ऐकला, माना वर केल्या, एकाने हातातलं खोकं खाली ठेवलं. विशाल दोन पावलं पुढे आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच थांबला. धम्मदिनाने रेलिंग दोन्ही हातांनी धरली आणि माहेरच्या आवाजात, लूम चालू असताना हाक मारतात त्या आवाजात ओरडली, “माझ्याकडे काय बघता रे? धडधडतंय मला, धडधडू दे! गाडीकडे बघा, गाडी रिकामी चाललीय!” एक पोरगा हसला. मग सगळेच. खोकं उचललं गेलं.

आठवडा संपल्यावर रामनाथ सरांनी शिफारस मुख्य कार्यालयाला पाठवली आहे. ती कोणाच्या नावाची, हे त्यांनी सांगितलेलं नाही. उत्तर आलेलं नाही. शेवटची माहिती मिळाली तेव्हा धम्मदिना वरच्या मजल्यावर होती, ठोके पुन्हा वाढले होते, अजून उतरले नव्हते, आणि पुढची गाडी मागे घेतली जात होती.